बोकडाचे औषध, माणसाची गोळी : जंतांवरील नव्या औषधांचा हिशेब

पाचोऱ्याच्या आसपास बकऱ्यांचा धंदा करणाऱ्या माणसाला पावसाळ्यात एकच धास्ती असते. रान हिरवे झालेले असते, अजिंठ्याच्या डोंगरउतारावर चारा मुबलक असतो, आणि नेमका त्याच दिवसांत चांगला भरलेला बोकड पंधरा दिवसांत रोडावतो. अंगावरचे केस राठ होतात. जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबू लागते. डोळ्याची खालची पापणी उलटून पाहिली तर आत लाली नसते, कागदासारखा पांढरा रंग दिसतो. घरची मंडळी म्हणतात, नजर लागली. नजर लागलेली नसते. पोटात जंत झालेले असतात आणि ते रक्त पीत असतात.

मालक मग तालुक्याच्या औषध दुकानात जातो आणि जंताच्या पांढऱ्या औषधाची बाटली आणतो. त्याच मालकाचा मुलगा शाळेतून घरी येऊन सांगतो की, आज सरांनी सगळ्यांना जंताची गोळी चावून खायला लावली. बाटली जनावराची, गोळी माणसाची. पण दोन्हींत बहुतेक वेळा औषध एकच असते. त्याचे नाव अल्बेंडाझोल. दोन्हीकडे एकच औषध असणे हा योगायोग नाही. जंतांवरील औषधांचा सारा धंदा यात दडलेला आहे. बकरीवाले, मटणविक्रेते, चामड्याचे व्यापारी, औषध दुकानदार आणि मागावर किंवा शिवणयंत्रावर बसून पोट भरणारे कारागीर, या सर्वांच्या नफा-नुकसानीशी त्याचा संबंध पोहोचतो. म्हणून या पानावर त्याचा हिशेब मांडत आहोत.

गरिबाच्या रोगाला गिऱ्हाईक नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे दीड अब्ज माणसांच्या पोटात मातीतून येणारे जंत आहेत. म्हणजे दर चार माणसांमागे जवळजवळ एक. एवढे रोगी असताना औषध कंपन्यांनी रांग लावायला हवी होती. तसे झाले नाही. कारण साधे आहे. रोगी पुष्कळ असले तरी त्यांच्या खिशात पैसा नाही. नवे औषध शोधायचे तर दहा-पंधरा वर्षांचा काळ आणि अफाट भांडवल लागते. ते भांडवल वीटभट्टीवरच्या मजुराकडून किंवा अनवाणी शेतात राबणाऱ्या बाईकडून वसूल होणार नाही, हे कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत असते.

मेंढीचे मात्र तसे नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका या देशांत लाखो मेंढ्या आणि गुरे बाळगणारे मोठे मालक आहेत. जंतामुळे लोकर घटली, मांस घटले की त्यांचे रोख नुकसान होते आणि औषधाला ते रोख पैसे मोजतात. म्हणून जंतांवरील औषधे आधी गोठ्यात आली आणि मग माणसाच्या दवाखान्यात. १९६१ साली आलेले थायबेंडाझोल हे या घराण्यातील पहिले मोठे औषध. त्याने नाव कमावले ते मेंढ्यांवर. अल्बेंडाझोल १९७२ साली अमेरिकेतील स्मिथ क्लाइन कंपनीच्या जनावरांच्या औषधांच्या विभागात सापडले आणि माणसांना ते १९८० नंतर मिळू लागले. आयव्हरमेक्टिन १९८१ साली जनावरांसाठी बाजारात आले, माणसासाठी त्याला मंजुरी मिळाली १९८७ साली. काळजातील पाचरीसारख्या चपट्या किड्यावरचे ट्रायक्लाबेंडाझोल १९८३ साली गुरामेंढ्यांसाठी निघाले. माणसाच्या त्याच रोगावर अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती २०१९ साली. म्हणजे जनावर पुढे आणि माणूस छत्तीस वर्षे मागे!

आपल्याकडे या औषधांच्या किमती आवाक्यात राहिल्या, त्यालाही व्यापारी कारण आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळे. त्यामुळे भारतीय कारखानदार दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवू शकत. मुंबईत १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापन केलेल्या सिप्लासारख्या देशी कंपन्या याच कायद्याच्या आधाराने वाढल्या. १ जानेवारी २००५ पासून वस्तूवरही पेटंट सुरू झाले. जुनी जंतनाशके तोपर्यंत सर्वांसाठी खुली झालेली होती. पण यापुढे जे नवे औषध येईल ते इतके स्वस्त मिळेलच असे नाही, हे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे.

औषध सापडते कसे?

जुन्या काळी आपल्या अत्तारांच्या दुकानांत जंतावर वावडिंग, पळसपापडी आणि किरमाणी ओवा मिळत असे. किरमाणी ओव्यातील गुणकारी द्रव्य सँटोनिन. ते काढून शुद्ध स्वरूपात विकण्याचा मोठा व्यापार एके काळी होता. पुढे रसायनांचे युग आले, पण तत्त्व तेच राहिले. जंताला मारील आणि ज्याच्या पोटात जंत आहे त्याला इजा करणार नाही असे द्रव्य हवे.

हे बोलायला सोपे आणि करायला फार अवघड आहे. जिवाणूंची घडण माणसाच्या शरीराहून अगदी वेगळी असते. त्यामुळे त्यांच्यावर नेम धरणारी औषधे बरीच सापडली. जंत मात्र आपल्यासारखाच प्राणी आहे. त्याला स्नायू आहेत, मज्जातंतू आहेत, आतडे आहे. त्याच्यावर झाडलेली गोळी आपल्याला लागण्याचा धोका राहतो. म्हणून जंतात आहे आणि माणसात नाही, किंवा आहे पण वेगळे आहे, असा बारीक फरक शोधावा लागतो. अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतील सूक्ष्म नळ्यांची बांधणी मोडते. त्याला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. लेव्हामिसोल त्याचे स्नायू आखडून टाकते. आयव्हरमेक्टिन त्याला लुळा करते. आखडलेला किंवा लुळा किडा आतड्याला धरून राहू शकत नाही आणि शौचावाटे बाहेर पडतो.

दुसरी अडचण अशी की, पुष्कळ जंत प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत. हत्तीरोगाचा आपल्याकडचा किडा उंदरात वाढत नाही. त्याच्या नात्यातला दुसरा किडा उंदीरजातीच्या प्राण्यात वाढवून त्यावर औषध तपासावे लागते, आणि तेथे यश आले म्हणजे माणसात येईलच असे नसते.

आयव्हरमेक्टिनची हकिकत प्रसिद्ध आहे. जपानच्या कितासातो संस्थेतील सातोशी ओमुरा हे ठिकठिकाणची माती गोळा करून त्यातील सूक्ष्म जीव वाढवीत असत. १९७० नंतरच्या काळात कावाना गावच्या गोल्फ मैदानाजवळची माती त्यांनी घेतली. त्यातील एक जीव त्यांनी अमेरिकेतील मर्क कंपनीकडे पाठविला. तेथे विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंत झालेल्या उंदरांना तो अर्क चारला आणि उंदरांचे जंत गेले. त्या चिमूटभर मातीतून निघालेल्या औषधाने आफ्रिकेत लाखो लोकांचे डोळे वाचविले. १९८७ साली मर्कने नदीकाठच्या आंधळेपणाच्या रोगासाठी हे औषध हवे तितके दिवस फुकट देण्याचे जाहीर केले. गुरामेंढ्यांच्या बाजारात त्यावर पुरेसा नफा मिळत होता, म्हणून हे दान परवडले. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी पारितोषिकाचा दुसरा अर्धा वाटा चीनच्या तू यूयू यांना मिळाला. त्यांनी जुन्या चिनी वैद्यकग्रंथांच्या आधाराने एका वनस्पतीतून मलेरियाचे औषध काढले होते, आणि ती वनस्पती आपल्या किरमाणी ओव्याच्याच जातकुळीतली आहे.

गोरेगावचे औषध

असे शोध फक्त जपान-अमेरिकेत लागतात असा समज असेल तर तो चुकीचा आहे. मुंबईच्या गोरेगाव उपनगरात सिबा या स्विस कंपनीचे संशोधन केंद्र होते. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा नामवंत रसायनशास्त्रज्ञ त्याचा संचालक झाला. येथे तयार झालेल्या द्रव्यांच्या क्रमांकापुढे ‘गो’ हे अक्षर लावीत. गो म्हणजे गोरेगाव.

यातले एक द्रव्य सी. ९३३३-गो. पुढे त्याला अ‍ॅमोस्कॅनेट हे नाव मिळाले. १९७६ साली त्याची माहिती शास्त्रीय नियतकालिकात आली तेव्हा या क्षेत्रातल्या लोकांचे डोळे विस्फारले. एकच औषध आतड्यातील आकडेकृमीवर चालत होते, प्रयोगातील प्राण्यांच्या हत्तीरोगाच्या किड्यावर चालत होते आणि रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोमा किड्यावरही चालत होते. इतका रुंद पल्ला दुसऱ्या कोणत्या औषधाचा सहसा नव्हता.

या तिसऱ्या किड्याचे नाव ऐकून आपल्याशी त्याचा काय संबंध, असे वाटेल. पण १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या रोग्यांत हाच रोग दाखवून दिला होता. इजिप्त आणि आफ्रिकेत घर करून बसलेला रोग कोकणातल्या एका खेड्यात सापडला, ही वैद्यकातील मोठी बातमी होती.

गोरेगावच्या औषधाचे पुढे काय झाले? पुढच्या तपासण्यांत प्राण्यांच्या यकृतावर आणि मेंदूवर त्याचे दुष्परिणाम दिसले. चीनमध्ये ते काही काळ वापरले गेले, पण कंपनीने जगाच्या बाजारात ते आणले नाही. शिस्टोसोमावर अखेर जर्मनीच्या बायर आणि ई. मर्क या कंपन्यांचे प्राझिक्वांटेल हे औषध टिकले आणि आजही तेच मुख्य औषध आहे. ते लहान बाळांना देण्याजोग्या रूपात तयार व्हायला मात्र २०२३ साल उजाडले. त्या वर्षी डिसेंबरात युरोपच्या औषध संस्थेने अशा गोळीला अनुकूल मत दिले.

गोरेगावची गोष्ट सांगण्याचे कारण इतकेच की, माल चांगला असूनही तो बाजारात पोहोचत नाही असे औषधांच्या धंद्यात नेहमी घडते. शंभर द्रव्यांपैकी नव्याण्णव वाटेत गळतात, आणि गळायलाच हवीत. कारण हे औषध निरोगी दिसणाऱ्या लाखो मुलांच्या तोंडात जाणार असते.

खानदेश आणि हत्तीरोग

आता आपल्या भागाकडे वळू. खानदेशातील जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे राज्याच्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांच्या यादीत नोंदले गेलेले आहेत. हा रोग क्यूलेक्स जातीच्या डासामुळे पसरतो आणि हा डास तुंबलेल्या गटारात, घाण पाण्यात वाढतो. म्हणजे जेथे कारागिरांची दाट वस्ती आणि उघडी नाली, तेथे त्याचे राज्य. किड्याची पिले रात्री रक्तात फिरतात, म्हणून रक्ताची तपासणी रात्री करावी लागते. रोगी वर्षानुवर्षे चांगला दिसतो. मग एक दिवस पाय सुजतो किंवा अंडवृद्धी होते. एकदा पाय हत्तीसारखा झाला की कोणतेही औषध तो पूर्ववत करीत नाही. पायाने शिवणयंत्र चालविणाऱ्या दर्जीचा, मागावर दिवसभर उभे राहणाऱ्या विणकराचा किंवा पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाचा धंदा तेथेच बसतो.

यावरील जुने औषध डीईसी. हे १९४७ साली अमेरिकेच्या लेडर्ली प्रयोगशाळेतून आले आणि त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या देशातल्या या माणसाचे नाव फार थोड्यांना माहीत आहे. डीईसी रक्तातील पिले मारते, पण मोठा किडा त्याने पुरता मरत नाही. तो पाच-सहा वर्षे जगतो आणि पुन्हा पिले सोडतो. म्हणून वर्षातून एकदा गावातील सर्वांना औषध देण्याची मोहीम भारतात २००४ पासून राबविण्यात आली. आधी डीईसी एकटे दिले जाई, मग त्याच्या जोडीला अल्बेंडाझोल आले.

नवी गोष्ट पुढे घडली, आणि ती नव्या औषधामुळे नव्हे, तर जुन्या तीन औषधांच्या जोडणीमुळे. पापुआ न्यू गिनी देशात डॉक्टरांनी डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही तिन्ही औषधे एकाच वेळी दिली. एकच मात्रा दिल्यावर तीन वर्षांनीही तपासलेल्या रोग्यांपैकी ९६ टक्क्यांच्या रक्तात पिले सापडली नाहीत. दोन औषधांच्या एका मात्रेने हे यश बरेच कमी होते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने काही देशांसाठी ही पद्धत मान्य केली. भारतात ती डिसेंबर २०१८ मध्ये बिहारच्या अरवल जिल्ह्यात सुरू झाली आणि पाठोपाठ जानेवारी २०१९ मध्ये आपल्या नागपूर जिल्ह्यात. २०२७ पर्यंत हत्तीरोग संपविण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे.

डीईसीच्या गोळ्या जपानची एसाय कंपनी फुकट पुरविते आणि त्या तयार होतात आपल्या विशाखापट्टणमच्या कारखान्यात. म्हणजे संशोधन आंध्रच्या माणसाच्या हाताखाली झाले आणि कारखानाही आंध्रातच उभा राहिला!

या मोहिमेतील मोठी अडचण औषधाची नसून विश्वासाची आहे. माणसे गोळ्या घेतात आणि खिशात ठेवतात. मला काही झाले नाही, मी कशाला खाऊ, असे म्हणतात. कोणाला गोळीनंतर ताप किंवा चक्कर येते आणि गावभर अफवा पसरते. प्रत्यक्षात असा त्रास बहुधा त्यालाच होतो ज्याच्या रक्तात किडे असतात, कारण ते मरताना शरीर खवळते. गर्भवती स्त्रिया, फार लहान मुले आणि गंभीर आजारी यांना ही औषधे देत नाहीत. बाकीच्यांनी ती उपाशीपोटी न घेता कर्मचाऱ्यासमोर घ्यावी. मोहीम रमजानात आली तर मोहल्ल्यातील जबाबदार मंडळींनी आरोग्य कर्मचाऱ्यांना इफ्तारनंतर बोलावून घेण्याची व्यवस्था करावी. एवढ्या लहान व्यवस्थेअभावी सबंध मोहल्ला औषधावाचून राहू नये.

औषधाशिवाय गेलेला नारू

वयस्कर वाचकांना नारू आठवत असेल. पायातून लांबच लांब पांढरा दोरा बाहेर पडे आणि तो काडीवर गुंडाळीत रोज थोडा थोडा ओढावा लागे. शेताच्या ऐन हंगामात माणूस महिनाभर खाटेवर पडे. या रोगावर ना औषध सापडले, ना लस. तरीही तो गेला. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणे बंद झाले, हातपंप आले, आणि पाणी फडक्याने गाळून प्यायची सवय लोकांना लावण्यात आली. गाळण्याने पाण्यातील तो बारीक जीव अडे, ज्याच्या पोटात नारूचे पिलू असे. भारतातील शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख रोगी होते. २०२३ साली माणसांत फक्त १४ आढळले.

औषधाच्या संशोधनाचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरू नये. हातभर स्वच्छ कपड्याने जे काम केले ते कोणत्याही कारखान्याला साधले नाही.

औषध बोथट का होते?

आता बकरीवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे. मेंढ्या-बकऱ्यांच्या चौथ्या पोटात राहणारा रक्तपिपासू जंत, हिमॉन्कस, हा आपला मुख्य शत्रू. त्याची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. अंडी लेंड्यांतून रानात पडतात, ओल आणि ऊब मिळाली की आठवड्यात पिले तयार होतात आणि दवाने भिजलेल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. सकाळी लवकर चरायला सोडलेली बकरी ती गिळते आणि तीन आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू! एक जंत दिवसाला थेंबभर रक्त पितो. हजार जंत असले तर दिवसाला अर्धा कप रक्त जाते.

याचा पैशातला हिशेब पाहा. समजा, एका व्यापाऱ्याने वीस बोकड घेतले आणि जंतामुळे प्रत्येकाचे मांस फक्त दोन किलो कमी भरले. चाळीस किलो झाले. मटणाचा भाव हिशेबापुरता सातशे रुपये धरला तरी अठ्ठावीस हजारांचा घाटा. एखादे जनावर दगावले तर तो वेगळाच. आणि हा घाटा वहीत कधी लिहिला जात नाही, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

यावर औषध आहे. पण ते बोथट होत चालले आहे. थायबेंडाझोल १९६१ साली आले आणि १९६४ साली त्याला न जुमानणारे जंत सापडल्याची पहिली नोंद झाली. मोनेपँटेल हे अगदी नव्या घराण्यातील औषध २००९ साली न्यूझीलंडमध्ये विक्रीस आले आणि २०१३ साली तेथील एका फार्मवरच्या बकऱ्या-मेंढ्यांत त्याला न जुमानणारे जंत सापडल्याचे प्रसिद्ध झाले. कितीतरी वर्षांची मेहनत चार वर्षांत वाया जाण्याची ही वाट आहे.

असे का होते? औषध कमी पडले की दुबळे जंत मरतात आणि दांडगे वाचतात. पुढची पिढी दांडग्यांचीच होते. बकरीच्या बाबतीत ही चूक फार होते, कारण बाटलीवर मात्रा बहुधा मेंढीची लिहिलेली असते. बकरीचे शरीर अल्बेंडाझोलसारखे औषध लवकर बाहेर टाकते. तिला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट मात्रा लागते असे तज्ज्ञ सांगतात. आपण मात्र अंदाजाने झाकणभर पाजतो, आणि बाटली पुरवायची म्हणून त्यातही हात आखडता घेतो. याचा अर्थ सर्व औषधे दुप्पट करावीत असा नाही. लेव्हामिसोल जास्त झाले तर बकरी तडफडून मरू शकते. गाभण बकरीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये. वजन करून, पशुवैद्याला विचारूनच मात्रा ठरवावी.

आपल्या राज्यात या बाबतीत वेगळ्या दिशेने काम झाले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांबरोबर दख्खनी मेंढ्यांचा बंगालच्या सुंदरबनातील गारोल जातीशी संकर केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत गारोलचे रक्त असलेल्या कोकरांत जंतांना तोंड देण्याची ताकद जास्त दिसली. म्हणजे औषधाच्या बाटलीइतकीच जातीची निवडही महत्त्वाची. ज्या बकरीला दर पावसाळ्यात औषध पाजावे लागते तिची पिले ठेवू नयेत, आणि जी औषधाविना टवटवीत राहते तिची वीण वाढवावी. हा साधा नियम कोणालाही पाळता येईल.

पुढे काय येणार?

माणसांसाठी नवी औषधे येत आहेत, पण हळूहळू. मॉक्सिडेक्टिन हे जुने गुरांचे औषध २०१८ साली अमेरिकेत नदीकाठच्या आंधळेपणासाठी मंजूर झाले. ते मंजूर करून घेणारी होती नफ्यासाठी न चालणारी ऑस्ट्रेलियाची एक संस्था. अमेरिकेच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे अशा दुर्लक्षित रोगावर औषध आणणाऱ्याला एक परवाना-चिठ्ठी मिळे. ती दुसऱ्या कंपनीला विकता येई, आणि घेणाऱ्याच्या दुसऱ्या औषधाची तपासणी लवकर होई. गरिबाच्या रोगाला गिऱ्हाईक नसेल तर सरकारने गिऱ्हाईक निर्माण करायचे, असा हा व्यापारी तोडगा आहे. इमोडेप्साइड हे मांजरांच्या जंतांचे औषध टांझानियाच्या पेम्बा बेटावर माणसांत तपासले गेले आणि अल्बेंडाझोलला दाद न देणाऱ्या चाबूककृमीवर त्याने चांगले काम केल्याचे २०२३ साली जाहीर झाले. हत्तीरोगाच्या मोठ्या किड्याच्या शरीरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू राहतो, त्यावाचून किडा नीट जगत नाही. म्हणून साध्या डॉक्सिसायक्लिनने तो जिवाणू मारून किड्याला संपविण्याची पद्धतही निघाली आहे. मात्र त्यासाठी चार ते सहा आठवडे रोज गोळी घ्यावी लागते, आणि सबंध गावाला असे औषध देणे शक्य नाही. कमी दिवसांत हेच काम करणाऱ्या औषधाचा शोध चालू आहे.

आपण काय करावे?

बकरीवाल्यांनी सर्व कळपाला सरसकट औषध पाजू नये. पापणी उलटून रंग पाहावा; ज्याची पापणी फिकट, त्याला औषध द्यावे. दक्षिण आफ्रिकेत यासाठी रंगांचा तक्ता तयार झाला आणि तो जगभर वापरतात. दव उतरल्यावर बकऱ्या सोडाव्यात आणि जमिनीलगतच्या गवतापेक्षा झुडपांचा पाला खाऊ द्यावा. बाजारातून आणलेले नवे जनावर लगेच कळपात मिसळू नये.

औषध पाजल्यावर ठरावीक दिवस ते जनावर कापू नये आणि त्याचे दूध वापरू नये. हे दिवस बाटलीवर लिहिलेले असतात. बकरी ईदच्या आधी जनावर टवटवीत दिसावे म्हणून शेवटच्या आठवड्यात औषध पाजून विकणे हा गिऱ्हाइकाशी धोका आहे. विकणाऱ्याने ते सांगून विकावे.

मटणविक्रेत्यांची जबाबदारी सर्वांत मोठी. कलेजी किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर त्या कापून दुकानामागच्या कुत्र्यांपुढे टाकू नयेत. त्या गाठीत हायडॅटिड या फीतकृमीची पिले असतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या पोटात किडा वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून पसरतात आणि कुत्र्याला हात लावणाऱ्या मुलाच्या काळजात तशीच गाठ होते. मग महिनोन्‌महिने अल्बेंडाझोल आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया. खोल खड्डा करून असा भाग पुरणे किंवा जाळणे, एवढेच करायचे आहे.

औषध दुकानदारांनी जनावराची बाटली माणसाला कधीही देऊ नये. औषध एकच असले तरी मात्रा आणि शुद्धता वेगळी असते. आणि सर्वांनीच मुलांना एकोणीस वर्षांपर्यंत वर्षातून दोनदा शाळेत-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी घेऊ द्यावी. दहा फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. पोटात जंत असलेले मूल वर्गात पेंगते, आणि मोठेपणी त्याच्या हाताला कारागिरीचे बळ राहत नाही.

व्यापाऱ्याला भांडवलाची कदर असते. जंतांवरील चांगली औषधे ही जगाच्या हातातली मोजकी पुंजी आहे. ती कमावायला सत्तर-ऐंशी वर्षे लागली. अंदाजाने झाकणभर पाजून आपण ती रोज थोडी थोडी उधळतो. नवे औषध येईल तेव्हा येईल. तोपर्यंत पुढच्या पावसाळ्याआधी बकरीचे वजन करण्यासाठी एक काटा घेऊन ठेवला, तरी त्याची किंमत एका हंगामात वसूल होईल.